खोचलेली वायर

गुलटेकडी, दुसरा मजला, मुनोत रोडलाइन्स.
अकराला फोन आला: "नेट मेलंय, या."
मेलेलं नसतं कधी. रांगत असतं.
हे मी फोनवर सांगत नाही,
हेल्मेट घालतो.

खाली तीन गाड्या भरून उभ्या.
एक कांद्याची, हैदराबादला जाणारी; बाकीच्या विचारल्या नाहीत.
ई-वे बिल निघत नाही तोवर चाक हलत नाही.
ड्रायव्हर टायरपाशी उकिडवा बसून तंबाखू मळत होता
आणि माझ्या बॅगेकडे बघत होता,
डॉक्टरच्या बॅगेकडे बघावं तसा.

वर आफरीन सकाळपासून एकच बटण दाबतेय.
"नुसतं गोल फिरतंय," म्हणाली,
आणि बोटानं हवेत गोल काढून दाखवला,
मी तो कधी पाहिलाच नसल्यासारखा.
शेठ कस्टमर केअरवर,
सतरा मिनिटं सनई ऐकत.

आधी बाहेरचं बघायचं.
मोडेमला थेट माझा लॅपटॉप लावला.
अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास. वेग पुरता.
"शेठ, फोन ठेवा. दुखणं घरातलं आहे."
शेठना आवडलं नाही.
घरातलं म्हटलं की कुणालाच आवडत नाही.

मग पिंग.
चार मिलिसेकंद. चार. नऊशे दहा.
उत्तर नाही. उत्तर नाही.
दोन हजार.

एक टोक संशयास्पद वाटलं, कापून नव्यानं बसवलं:
पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा,
पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.
बावीस वर्षं हा पाढा म्हणतोय,
झोपेतून उठवलं तरी येतो.
फरक शून्य.

शेवटी आफरीनच्या टेबलाखाली, गुडघ्यांवर.
पाय ठेवायच्या पाटामागे
आठ भोकांचा एक स्विच, कुणाच्या लक्षातही नसलेला.
हात लावला तर तापलेला,
आणि सगळे दिवे एकदम.
लुकलुक नव्हे, थरथर.

एक निळी वायर त्यातून निघून
त्यातच परत गेलेली.

म्हणजे असं होतं बघा:
एखादं यंत्र विचारतं, अमुक पत्ता कोणाचा? कोण आहे?
प्रश्न या भोकातून बाहेर, त्या भोकातून आत,
आणि आपलाच प्रश्न नवा समजून
स्विच पुन्हा सगळ्यांना विचारतो, कोण आहे,
कोण आहे, कोण आहे,
उत्तराला वाटच उरत नाही.

माझे वडील संध्याकाळी असेच.
"कोण आलंय?"
"मी, शिरीष."
"बरं."
माझं पाणी पिऊन होतं तोवर: "कोण आलंय?"
तिथं टेबलाखाली शिरायची सोय नाही.
मी उत्तर देतो.

वायर उपसली.
दिवे आपापल्या चालीनं लुकलुकायला लागले.
डोक्यावर आफरीन ओरडली, "निघालं!"
प्रिंटर खाकरला. थोड्या वेळानं खाली
कुणीतरी इंजिन चालू केलं.

"पण केलं कुणी हे?" शेठ.
दारात हौसाबाई, हातात ओलं फडकं.
जुना प्रिंटर परवा भंगारात गेला,
त्याची वायर मागे राहिलेली, एक टोक जमिनीवर.
"लोंबत होती," जिन्यात मला हळूच म्हणाली,
"पोरीच्या पायात यायची. भोक रिकामं दिसलं,
खोचली."
कामाला लागताना पदर खोचावा तशी.

तोवर शेठना मी सांगून बसलो होतो:
स्विच म्हातारा झालाय, तापतो.
खोटं नव्हतं.
बिलावर लिहिलं, भेट शुल्क साडेतीनशे,
कारण: उष्णता.

वायर हौसाबाईनं मागून घेतली, वाळत घालायला.
"किती भार सोसंल?"
दोन चादरी, म्हटलं. सतरंजी नको.
आणि दोन टोकं दोन वेगळ्या खिळ्यांना बांधा,
एवढं मात्र बजावलं.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं.
"एकाच खिळ्याला कोण बांधतं?"